दांडी सरळ आहे ना?

मैत्रिणींनो, उसाचा हंगाम सुरू झाला की आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या रस्त्यांचं रूपच पालटतं. शिरोळ असो, कागल असो की करवीर, संध्याकाळी घराबाहेर पडलं की पुढे उसाच्या ट्रॉल्या, मागे उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन-दोन जोडलेल्या, वर मोळ्यांचा डोंगर आणि टेपवर मोठ्या आवाजात गाणी. आपण पदर सावरत कडेला उभ्या राहतो आणि ती वरात पुढे जायची वाट बघतो. पण ती ट्रॉली ट्रॅक्टरला नेमकी कुठे आणि किती उंचीवर अडकवलीय, हे तुमच्यापैकी कितीजणींनी कधी वाकून बघितलंय?

मीही बघितलं नव्हतं. काही वर्षांपूर्वीपर्यंत तो विषय माझा नव्हताच. तो झाला माझ्या भावजयीमुळे.

माझ्या धाकट्या भावाने ट्रॅक्टरपाठोपाठ एक जुनी ट्रॉली विकत घेतली. ट्रॅक्टरचं कर्ज होतंच, ट्रॉलीसाठी भावजयीच्या पाटल्या गहाण पडल्या. ट्रॉलीची पुढची दांडी होती उंच आणि ट्रॅक्टरचा हूक होता खाली. दोन्ही जुळेनात. मग गावातल्या वेल्डिंगवाल्याने ट्रॅक्टरच्या मागे वरच्या बाजूला एक जाड पट्टी मारून दिली आणि हूक वर घेतला. तासाभराचं काम, खर्चही थोडका. दादा खूश!

पहिल्याच आठवड्यात भावजय दुपारची भाकरी घेऊन फडावर गेली होती. भरलेली ट्रॉली शेतातून रस्त्यावर चढत होती. चढ असेल कंबरभर उंचीचा. भावाने क्लच सोडला आणि ट्रॅक्टरची पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून वीतभर उचलली गेली. त्याने घाईने क्लच दाबला, चाकं धाडकन खाली आली. म्हणून निभावलं.

रात्री तिचा फोन आला. ‘वन्सं, माझ्या डोळ्यांदेखत ट्रॅक्टर घोड्यागत उभा राहिला हो! ह्यांना विचारलं तर म्हणत्यात, तुला काय कळतंय त्यातलं, तू भाकरी बघ.’

शनिवारी मी माहेरी गेले. आई अंगणात बसली होती. सत्तरी ओलांडलेली, शाळेचं तोंड न बघितलेली. पण वडलांच्या बरोबरीने तिने बैलगाडी हाकली होती. ती काठी टेकत उठली, ट्रॅक्टरमागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘आरं, जू एवढ्या वर कुणी बांधलं? गाडी उलार झाली की बैलाला फास बसतो, पुढं जड झाली की बैलाची मान जाती. हितं तर ओढायची जागाच वर गेलीया. बैल कुठनं ओढतोय ते आदी बघावं लागतं बाबा!’

भाऊ हसला. मला मात्र हसू आलं नाही. परत आल्यावर मी या विषयातल्या जाणत्यांना विचारलं, थोडं वाचलं आणि लक्षात आलं की आई म्हणाली त्यातला शब्द न् शब्द खरा आहे.

आपण कागद-पेन्सिल घेऊन साधा हिशेब मांडू या. समजा, ट्रॅक्टर २ टनांचा आहे आणि त्यातलं ७०० किलो वजन पुढच्या चाकांवर आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांत साडेसहा फुटांचं अंतर आहे. चढावर ट्रॉली ओढायला १ टनाची ओढ लागतेय. हूक जमिनीपासून दीड फुटावर असेल तर त्या ओढीने पुढच्या चाकांवरचं सुमारे २३० किलो वजन कमी होतं. तोच हूक तीन फुटांवर नेला तर ४६० किलो! उंची दुप्पट केली की पुढचं उचलणंही दुप्पट होतं.

एवढ्यावर भागत नाही. दोनचाकी ट्रॉलीचा काही भार दांडीवाटे हुकावरही बसतो. समजा तो ६०० किलो आहे आणि हूक मागच्या चाकांच्या आसापासून अडीच फूट मागे आहे. पाण्याची घागर काखेऐवजी हात लांब करून धरल्यासारखंच ते! त्याने पुढचे आणखी २३० किलो हलके होतात. आता बेरीज करा. हूक खाली असेल तर ७०० पैकी ४६० गेले, २४० उरले. स्टेअरिंग कसंबसं का होईना, ऐकेल. हूक वर असेल तर ४६० आणि २३० मिळून ६९०. उरले फक्त १० किलो! जरा झटका बसला की चाकं हवेत. चाकं हवेत गेल्यावर स्टेअरिंग फिरवून काय उपयोग? आणि ट्रॅक्टर मागे उलटायला लागला, तर पापणी लवायच्या आत उलटतो. उडी मारायलासुद्धा वेळ मिळत नाही.

ही धास्ती फक्त आपल्याकडचीच आहे असं नाही. अमेरिकेत १९१७ पासून हेन्री फोर्ड यांचा फोर्डसन ट्रॅक्टर निघू लागला. स्वस्त म्हणून तो घरोघर गेला, पण नांगर दगडाला किंवा मुळाला अडकला की पुढून उचलायचा आणि चालकावर उलटायचा. त्यात अनेक शेतकरी दगावले. आयर्लंडमधल्या हॅरी फर्ग्युसन यांनी याच प्रश्नाचा ध्यास घेतला आणि १९२६ मध्ये तीन दांड्यांच्या जोडणीचं पेटंट घेतलं. नांगर ट्रॅक्टरला कुठे आणि कसा जोडायचा, एवढंच त्यांनी बदललं! आज आपल्या दारातल्या ट्रॅक्टरमागे दोन खालच्या आणि एक वरची अशा तीन दांड्या दिसतात, त्यांचं मूळ तिथलं. म्हणूनच वरच्या दांडीच्या जागी ट्रॉली किंवा दोर अडकवून ओढायचं नसतं. ओढ कायम खालून, कंपनीने दिलेल्या हुकातूनच घ्यायची. हा नियम ट्रॅक्टरइतकाच जुना आहे.

माझी एक भाची अमेरिकेत असते. घर बदलताना त्यांनी गाडीमागे भाड्याची ट्रॉली लावली. मी तिला हा प्रसंग सांगितला तर ती म्हणाली, ‘मावशी, आम्हाला आधी हेच बजावतात. सामानाचं साठ टक्के वजन पुढच्या अर्ध्या भागात ठेवायचं. हुकावर एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार यायला हवा आणि जोडल्यावर ट्रॉली जमिनीला समांतर दिसली पाहिजे.’ हुकावर भार कमी पडला तर ट्रॉली मागून शेपटीसारखी हलायला लागते, जास्त झाला तर गाडीचं नाक वर होतं. म्हणजे आईच्या भाषेत, एक उलार आणि दुसरं मानेवर ओझं. फरक एवढाच की तिथे ते छापून हातात देतात. आपल्याकडे ते म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी होतं आणि बैल गेले तसं तेही चाललंय.

तुम्ही म्हणाल, हे पुरुषांचं काम, आपण त्यात कशाला पडायचं? मला हे वाक्यच खटकतं. कर्जाच्या कागदावर सही करताना आपण लागतो. पाटल्या गहाण ठेवताना आपण लागतो. हप्ता थकला की रात्र रात्र जागताना आपण असतोच. उद्या काही वाईट झालं तर कपाळ आपलं आणि लेकरंही आपली. मग हुकाची उंची तेवढी आपली नाही, हे कोणी ठरवलं?

आणि प्रश्न घरापुरताही नाही. मोळ्यांवर बसून फडावरून निघणाऱ्या तोडणीच्या बायका आपण दर हंगामात बघतो. कडेवर मूल, हातात कोयता. ट्रॉली माणसं बसवण्यासाठी नसतेच. त्यात बसलेल्याला काही झालं तर विम्याचे पैसे मिळतानाही मोठी अडचण येते. ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपेक्षा वेगळी असते, विम्यातही ती धरलेली असावी लागते. हे कागद कपाटात आहेत का, हे बघायला तर वेल्डिंग यावं लागत नाही!

आता करायचं काय? शिवणाच्या डब्यातली टेप घ्या. ट्रॅक्टर-ट्रॉली जोडून सपाट जागेवर उभी करायला सांगा. ट्रॉलीच्या तळाची जमिनीपासूनची उंची पुढच्या टोकाला मोजा, मग मागच्या टोकाला मोजा. दोन बोटांचा फरक चालेल, वीतभर चालणार नाही. ट्रॉली भरल्यावर पुन्हा मोजा, कारण वजनाने टायर आणि पाटे दबतात. उंची जुळत नसेल तर ट्रॅक्टरचा हूक वर न्यायचा नाही. ट्रॉलीची दांडी खाली घ्यायची. हे काम चांगल्या फॅब्रिकेशनवाल्याकडूनच करून घ्यायचं. वेल्ड सुटलं तर भरलेली ट्रॉली मोकळी सुटते, मागे शाळेची पोरं सायकलवर असतात हे विसरू नका.

हुकातली पिन बघा. तिथे नट-बोल्ट किंवा सळईचा तुकडा घातलेला दिसला तर आजच बदलायला लावा. पिन वर उसळू नये म्हणून तिला क्लिप हवी आणि पिन तुटलीच तर ट्रॉली धरून ठेवायला साखळी हवी. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करायची सवय असेल तर ती मोडा. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, मागचं सगळं वजन ट्रॅक्टरला ढकलत येतं. मागे रिफ्लेक्टर लावलेला असेल तर त्यावरचा चिखल ओल्या फडक्याने पुसा. दोन मिनिटांचं काम, पण अंधारात मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव त्यावर असतो.

भावाचं काय झालं, ते सांगायचं राहिलंच. तो आधी चिडला. ऐन हंगामात दोन दिवसांचा खाडा कोण परवडून घेणार? पण भावजय अडून बसली. ‘दोन दिवसांच्या खेपा गेल्या तर जाऊ देत, माझ्या पाटल्या आणखी महिनाभर तिथंच राहू देत,’ म्हणाली. पाटल्यांचं नाव निघाल्यावर तो गप्प झाला. तालुक्याला जाऊन ट्रॉलीची दांडी खाली घेतली, वरची पट्टी कापून टाकली आणि ट्रॉली परत मूळच्या हुकाला लावली. त्याच चढावरून तो आजही ऊस काढतो. पुढची चाकं पुन्हा उचललेली नाहीत.

बेंदराच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडे खांदेमळणी करतात. ज्या खांद्याने वर्षभर जू ओढलं, तो बैलाचा खांदा हळद-लोण्याने चोळायचा. आता गोठ्यात बैल नाहीत, दारात ट्रॅक्टर आहे. दसऱ्याला आपण त्याला हार घालतो, नारळ फोडतो, हळदी-कुंकू वाहतो. जरूर करा. पण हार पुढे घालून झाला की जरा मागे जा आणि वाकून हूक बघा. भावजय तसंच करते. दर दसऱ्याला पूजेच्या ताटात ती शिवणाची टेपही ठेवते. भाऊ अजून पुटपुटतो, पण टेपचं दुसरं टोक तोच धरतो!