वल्ली व्हायची मुभा कुणाला?

'थ्री इडियट्स' २००९ सालचा. परवा टीव्हीवर पुन्हा लागला आणि घरातले सगळे पुन्हा त्याच त्या जागांवर हसले. सिनेमा टाकाऊ नाही, हे आधीच सांगते. घोकंपट्टीवरचा त्याचा राग खरा आहे. गळफास घेणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रसंग आजही बघवत नाही. म्हणूनच निराशा जास्त होते. एरवी इतका विचारी असलेला दिग्दर्शक बायकांपाशी आला की इतका आळशी का होतो?

ते चतुरचं भाषण आठवून पाहा. त्याला हिंदी धड येत नाही, म्हणून रँचो त्याच्या भाषणात 'चमत्कार'च्या जागी गुपचूप 'बलात्कार' घालतो. मग प्रिन्सिपॉलसाहेबांनी आजवर किती बलात्कार केले, हे चतुर मोठ्या भक्तिभावानं सांगतो आणि सभागृह हसून लोळतं. टोमणा घोकंपट्टीला आहे, ते कळतं हो! पण त्यासाठी हाच शब्द सापडावा? घराघरांत हा शब्द कुणी उच्चारत नसे. 'अतिप्रसंग' म्हणायचं, नाहीतर 'अब्रू गेली' म्हणायचं. १९८० साली मथुरा खटल्याच्या निकालाविरुद्ध बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा हा शब्द फलकांवर आला, मोठ्यानं म्हटला गेला. १९८३ साली कायदा बदलला. तोच शब्द इथं टाळ्या घ्यायला! आणि सिनेमाला राष्ट्रीय पारितोषिक मिळालं ते कशाचं? निकोप करमणुकीचं.

राजूच्या बहिणीचं लग्न अडलंय, कारण हुंड्यात मारुती हवी. तीही गंमतच, जुन्या रडक्या सिनेमाची नक्कल म्हणून काळ्यापांढऱ्या रंगात दाखवलेली. पिया चांगली डॉक्टर आहे, पण कथेत तिचं मुख्य काम चुकीचा नवरा सोडून बरोबरचा निवडणं. इंजिनिअरिंगला शिकणारी, लक्षात राहावी अशी एक तरी मुलगी या कॉलेजात दिसते का? मुली तिथं कमीच असतात, हे खरं. आयआयटीत २०१८ सालापासून मुलींसाठी जादा जागा ठेवाव्या लागल्या. पण त्या कमी आहेत, याचं सिनेमाला साधं नवलही वाटत नाही.

विक्षिप्तपणाची सगळी मौज मात्र पुरुषांना. प्रिन्सिपॉल सहस्रबुद्धे दोन्ही हातांनी लिहितात, घड्याळ लावून साडेसात मिनिटं झोपतात. आपल्या मराठीत तरी काय वेगळं आहे? पुलंचं 'व्यक्ती आणि वल्ली' १९६२ चं. त्यातली नावं आठवू लागलं की नारायण, हरितात्या, अंतू बर्वा, सखाराम गटणे अशीच ओठांवर येतात.

आमच्या कॉलेजात गणिताचे एक सर दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालत आणि वर्गात कुणी नसलं तरी तास पुरा घेत. लोक कौतुकानं 'वल्ली' म्हणत. त्याच आवारात एक बाई होत्या. एम.ए. होऊन बरीच वर्षं झालेली, शिकवण्या करून पोट भरायच्या आणि दुपारभर ग्रंथालयात बसायच्या. दांडीची सायकल, बारा महिने काळी पुरुषी छत्री, कानावर लाल पेन्सिल. भिंतीवर लागलेली प्रत्येक नोटीस त्या तपासायच्या. प्राचार्यांच्या सहीची असली तरी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून खाली दहापैकी गुण द्यायच्या. चारच्या वर कुणी गेल्याचं आठवत नाही. त्यांना वल्ली कुणी म्हणत नव्हतं. 'सटकलेली' म्हणत. 'प्रेमभंग झाला असणार.' सरांच्या मोज्यांना बुद्धिमत्ता कारण आणि बाईंच्या छत्रीला न झालेलं लग्न!

गॅदरिंगला फिशपॉन्ड असायचे. निनावी चिठ्ठ्या स्टेजवरून वाचायच्या, जिच्यावर असेल तिनं खाली मान घालून हसायचं, अशी रीत. चिठ्ठ्या बहुतेक मुलींवरच. एका वर्षी बाईंवर पडली. या छत्रीखाली यायला कुणी मिळत नाही, अशा अर्थाची. हॉल दणाणला. बाई शेवटच्या रांगेतून उठल्या, सावकाश स्टेजवर गेल्या, निवेदकाच्या हातून चिठ्ठी घेतली. कानावरची पेन्सिल काढून दोन ठिकाणी खुणा केल्या, खाली काहीतरी लिहिलं आणि चिठ्ठी परत दिली. माइकमधून ऐकू आलं, "तीन." आता मुलींच्या बाजूनं हसू फुटलं. निवेदकाला पुढची चिठ्ठी उघडायला अंमळ वेळच लागला.

यात कुणाच्या अंगाला हात लागला नाही, कुणाच्या जखमेवर पाय पडला नाही, आणि हसून हसून आमची पोटं दुखली. तीन तासांच्या सिनेमात अशा एका बाईला जागा करणं काही अवघड नव्हतं.

तुमच्या कॉलेजात अशी कुणी होती का? प्राध्यापिका, मेसवाली मावशी, हॉस्टेलची रेक्टर, कुणीही. नाव न घालता लिहून पाठवा. प्रेमभंगाची गोष्ट तेवढी वगळा.