क्यूआर कोडवर आलेला प्रत्येक रुपया म्हणजे विक्री नव्हे! चुकीच्या जीएसटी नोटिशीला उत्तर कसं द्यायचं?

जुलै 2025मध्ये कर्नाटकातल्या हावेरीच्या एका भाजीवाल्याला राज्याच्या कर विभागाची नोटीस आली. मागणी 29 लाखांची! आधार काय, तर चार वर्षांत त्याच्याकडे झालेले 1 कोटी 63 लाखांचे डिजिटल व्यवहार. मी हे आकडे कॅल्क्युलेटरवर टाकून पाहिले, तर दर निघतो साधारण 18 टक्के. आणि ताज्या भाजीवर जीएसटी किती? शून्य.

अशा हजारो नोटिसा गेल्या. घाबरून बेंगळुरूतल्या अनेक दुकानदारांनी क्यूआर कोड काढले आणि 'फक्त रोख'चे कागद चिकटवले. त्याच महिन्यात मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी व्यापाऱ्यांची बैठक घेतली आणि करमुक्त माल विकणाऱ्यांकडून वसुली होणार नाही, असं सांगितलं.

गडबड कुठे झाली?

विभागाने पेमेंट कंपन्यांकडून यूपीआयचा डेटा घेतला. पण खात्यात किती आले एवढंच हा डेटा सांगतो; कशाचे आले, ते नाही. मी माझंच महिन्याभराचं स्टेटमेंट उघडलं. त्यात रूममेट्सचं भाडं, मित्राने परत केलेले उसने पैसे, आईने पाठवलेली रक्कम. माझं दुकान असतं, तर हे सगळं विक्रीत धरलं गेलं असतं.

म्हणजे विभागाचंच सगळं चुकतं, असंही नाही. मालाची उलाढाल वर्षाला 40 लाखांच्या वर (सेवा असेल तर 20 लाख) गेली की नोंदणी लागते. फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला ती लागत नाही. पण दुधासोबत बिस्किटंही विकत असाल, तर मर्यादा मोजताना दुधाची विक्रीसुद्धा धरली जाते. कर मात्र बिस्किटांवरच. अनेक जण नेमके इथेच फसतात.

नोटीस आली तर?

- आधी ती खरी आहे का, ते जीएसटी पोर्टलवर किंवा कार्यालयात जाऊन तपासा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवर पैसे भरू नका.
- स्टेटमेंट डाउनलोड करा आणि तीन रकाने करा: घरचे व उसने पैसे, करमुक्त विक्री, करपात्र विक्री.
- खरेदीच्या पावत्या आणि बाजार समितीची बिलं जोडा.
- मुदतीत लेखी उत्तर द्या, सुनावणी मागा, पोच घ्या. कारणे दाखवा नोटिशीचं उत्तर डीआरसी-06 फॉर्ममध्ये देतात.
- तरीही विरोधात आदेश निघाला, तर तीन महिन्यांत अपील करता येतं. त्यासाठी वादातल्या कराच्या 10 टक्के रक्कम आधी भरावी लागते.

सगळ्यात महागात पडतं ते गप्प बसणं. नोटीस म्हणजे आदेश नव्हे. पण उत्तरच दिलं नाही, तर समोर असलेल्या आकड्यांवरून आदेश निघू शकतो.

हे नियम महाराष्ट्रातही लागू आहेत. क्यूआर कोड काढून काही साधत नाही, कारण कर विक्रीवर लागतो, मग पैसे रोख येवोत की फोनवर. त्यापेक्षा घरात कुणाचं दुकान असेल, तर आजच धंद्यासाठी वेगळं खातं आणि वेगळा क्यूआर कोड करून द्या. ज्या यूपीआयमुळे नोटीस येते, त्याचंच नीट स्टेटमेंट उद्या तुमचा पुरावा ठरेल.