भारी धानाला रात्र लागते

भंडारा जिल्ह्यात साकोली-लाखांदूरकडे ऑक्टोबरात बांधीतला भारी धान निसवून लोंब्या झुकायला लागतात, तेव्हा रस्त्याच्या खांबाखाली एखादा गोल तुकडा हिरवागार, लोंबीविना उभा राहू शकतो. त्या धानाला खत कमी पडलेलं नसतं, पाणीही नाही. त्याला रात्रच मिळालेली नसते.

उशिरा येणाऱ्या जुन्या भारी जाती रात्री लांबू लागल्या की निसवतात. गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी १९२० साली तंबाखू-सोयाबीनवर दिवसाच्या लांबीचा परिणाम दाखवला. १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी एका रानतणावर पुढचं कोडं सोडवलं: झाड मोजतं ते अंधाराचे तास, आणि मध्यरात्री थोडा वेळ उजेड पडला तरी हिशेब बिघडतो. लवकर येणाऱ्या हलक्या धानाला फारसा फरक पडत नाही, भारीला पडतो. जपानमध्ये तर भाताला त्रास होणार नाही असे खास दिवे बनवावे लागले. आपल्याकडे ग्रामपंचायती पांढराशुभ्र एलईडी आडव्या तोंडानं लावतात आणि बराचसा उजेड धुऱ्यापलीकडच्या बांधीत सांडतो. शिवाय खोडकिडीचे पतंग उजेडाकडे ओढले जातात. म्हणून तर कृषी विभाग प्रकाश सापळा लावायला सांगतो. इथं सापळ्याविनाच आमंत्रण!

दिवे काढा, असं कुणी म्हणणार नाही. शेतीची वीज रात्री आली की टॉर्च घेऊन पाणी ओलायला जाणाऱ्याला साप आणि जंगली डुक्कर दोन्ही भेटतात. प्रश्न उजेड कुठं पाडायचा, एवढाच आहे.

याचं उत्तर आपल्या या भागानं, झाडीपट्टीनं, कधीच दिलंय. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, दिवसा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री दहाच्या सुमारास नाटकाचा पडदा उघडतो तो पहाटेच पडतो. लांबच्या गावचं माणूस अंधारात जंगलातून परत जाणार कसं? मग रात्रभर नाटकच बघायचं. सगळा झगमगाट रंगमंचावर. मंडपामागच्या शेतात मात्र काळोख, बैल सोडलेले, वर चांदण्या.

त्या चांदण्यांच्याही गोष्टी आहेत. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंडांच्या आकाशकथा नोंदवून २०१३ साली प्रसिद्ध केल्या. सप्तर्षीतले चार तारे म्हणजे खाट, मागचे तीन ती पळवायला आलेले चोर. मृगात नांगर दिसतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातली रात्र तर देवीच, स्वतःच्या प्रकाशानं अंधार हटवणारी. पण खांबावरचा दिवा डोळ्यांवर आला की चोरही दिसत नाहीत आणि खाटही.

शेजारच्या नागपूर जिल्ह्यात पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला, भारतातला पहिला. त्यासाठी सिल्लारीसारख्या गावांतले दिवे बदलून उजेडाचं तोंड खाली केलं गेलं. गावं अंधारात बुडाली नाहीत.

भंडाऱ्याकडे २०१३ पासून कोका अभयारण्य आहे, पवनीकडे उमरेड-पवनी-कऱ्हांडला आहे, नागझिऱ्याचं जंगल लागूनच आहे. या तिन्हींच्या काठावरच्या गावांत पुढची दिव्यांची खरेदी होईल तेव्हा ग्रामसभेनं दोनच अटी घालाव्यात: पिवळसर दिवा आणि वर टोपी. बांधीला लागून असलेला खांब असेल, तर निसवण्याआधीच्या काळात तो संध्याकाळपासूनच बंद ठेवायचा. बटण दाबायला गावात माणूस आहेच.