स्वॅगर लावलं, पण संपादन कुणी केलं?
जोडसांधा : टिपणकर

जबलपुरात बर्गी हिल्सच्या आयटी पार्कात असो की राइट टाउनमधल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात, जावामध्ये वेब एपीआय बनवणाऱ्या टीमला विचारा, की तुमचं डॉक्युमेंटेशन कोण करतं? उत्तर ठरलेलं असतं : 'स्वॅगर लावलंय ना!' या उत्तराने एक काम संपल्यासारखं वाटतं. माझ्या मते ते तिथे जेमतेम सुरू होतं.

एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडे माहिती कशी मागायची आणि उत्तर कोणत्या साच्यात मिळेल, याचे नियम म्हणजे एपीआय. पूर्वी हे नियम वर्ड फाइलमध्ये लिहीत. कोड पुढे जाई, फाइल जुनीच राही. वर्डनिक या ऑनलाइन शब्दकोशाच्या कंपनीत टोनी टॅम यांनी यावर तोड काढली. नियम यंत्राला वाचता येतील अशा साच्यात मांडायचे आणि त्यावरून माहितीचं पान आपोआप उभं करायचं. २०११च्या सुमारास हे स्वॅगर लोकांपुढे आलं. २०१५मध्ये ते स्मार्टबेअर कंपनीने घेतलं, त्याच वर्षी लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ओपनएपीआय इनिशिएटिव्ह स्थापन झालं आणि २०१६पासून त्या साच्याला ओपनएपीआय हे नाव मिळालं.

जावातली स्प्रिंग बूट ही चौकट वापरणाऱ्यांना तर आता कष्टच उरलेले नाहीत. स्प्रिंगडॉक ही लायब्ररी प्रकल्पात जोडा, सर्व्हर सुरू करा. ती कंट्रोलर, म्हणजे विनंत्या हाताळणारा कोड, तपासते, कोणत्या पत्त्यावर काय मागता येतं ते टिपते आणि पान तयार. महिन्याचा आकडा १ ते १२मध्येच हवा, अमुक रकाना रिकामा चालणार नाही, असे व्हॅलिडेशनचे नियम कोडमध्ये असतील तर तेही पानावर येतात. कोड बदलला की पान बदलतं. साच्याच्या बाबतीत हे पान हाताने लिहिलेल्या कुठल्याही फाइलपेक्षा जास्त भरवशाचं असतं, हे मान्यच करायला हवं.

अडतं ते अर्थापाशी. वीजबिलाचं उदाहरण घेऊ. वीज कंपन्यांचं मुख्यालय शक्तिभवन आपल्याच गावात आहे, म्हणून विषय ओळखीचा. समजा, बिलाची माहिती देणाऱ्या एखाद्या एपीआयमध्ये 'अमाउंट' नावाचा रकाना आहे. पान सांगेल, हा पूर्णांक आहे. तो रुपयांत की पैशांत? पान गप्प. 'डेट' आहे, ती रीडिंगची, बिल काढल्याची की भरण्याच्या मुदतीची? 'स्टेटस' ३ आलं तर बिल भरलं गेलं, की पैसे बँकेत अडकले? आणि ग्राहक क्रमांक चुकला तर काय उत्तर येईल? वेगळं काही नोंदवलं नसेल, तर पानावर बहुधा २०० हा यशाचा एकच कोड दिसतो. प्रत्यक्षात जोडणी करणाऱ्याचा निम्मा वेळ अपयशाच्या उत्तरांशी झगडण्यात जातो.

हायकोर्टाच्या गावात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. 'अर्ज नामंजूर' एवढाच आदेश निघाला आणि कारणं दिलीच नाहीत, तर वरच्या कोर्टात तो टिकणं कठीण. आपोआप बनलेलं पान हा असाच कारणांविना आदेश असतो. ती कारणं लिहिण्याची सोय लायब्ररीत आहे. ऑपरेशन, स्कीमा, एपीआय-रिस्पॉन्स अशी ॲनोटेशन्स आहेत, उदाहरणं देण्याची जागा आहे, जोडकाम केलं तर जावाडॉकमधल्या टिपाही पानावर आणता येतात. पण त्या जागी बहुतेक ठिकाणी काय असतं? 'गेट कस्टमर बाय आयडी' या नावाखाली वर्णन : 'आयडीवरून कस्टमर मिळवते'. यापेक्षा कोरी जागा बरी. निदान काम राहिलंय हे तरी दिसतं.

दुसरा प्रश्न, काय दाखवायचं नाही? स्प्रिंगडॉक जोडताक्षणी पान चालू असतं आणि कुणी बंद केलं नाही तर ते तसंच प्रॉडक्शनवर जातं. ॲडमिनसाठीचे पत्ते, जुन्या आवृत्तीचे, चाचणीपुरते केलेले पत्ते, सगळ्यांची यादी जगापुढे. पान लपवलं म्हणून एपीआय सुरक्षित होत नाही, दाराला कुलूप हवंच. पण आपली कोणती एपीआय कुठे चालू आहे याचा हिशेब न ठेवणं हा स्वतंत्र धोका आहे आणि सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या २०२३च्या एपीआय सुरक्षेच्या दहा धोक्यांत तो नवव्या क्रमांकावर आहे. पान बंद करायला कॉन्फिगरेशनची एक ओळ पुरते. बाहेरच्यांसाठी एक गट, आतल्यांसाठी दुसरा, अशी विभागणीही करता येते. कोणता पत्ता कोणत्या गटात, हे मात्र माणसालाच ठरवावं लागतं.

'एकदा लावलं की विसरायचं' या वृत्तीची किंमत जावावाल्यांनी मोजलेली आहे. स्प्रिंगडॉकच्या आधी तेच काम करणाऱ्या स्प्रिंगफॉक्स या लायब्ररीचा बोलबाला होता. त्याची शेवटची मोठी आवृत्ती जुलै २०२०ची. नोव्हेंबर २०२१मध्ये स्प्रिंग बूट २.६ आलं, पत्ते जुळवण्याची मूळ पद्धत बदलली आणि स्प्रिंगफॉक्स असलेली ॲप्लिकेशन्स सुरू होतानाच कोसळू लागली. डॉक्युमेंटेशनपायी मूळ काम ठप्प! अनेकांनी जुनी पद्धत परत आणणारी एक ओळ टाकून वेळ मारून नेली. पुढे बूट ३ आलं, पॅकेजांची नावं जावाएक्सवरून जकार्ता झाली आणि स्प्रिंगफॉक्सवाल्यांना घर बदलावंच लागलं.

याउलट उदाहरण रिझर्व्ह बँकेचं. ग्राहकाच्या संमतीने त्याची आर्थिक माहिती एका संस्थेकडून दुसरीकडे नेणाऱ्या अकाउंट ॲग्रिगेटर व्यवस्थेत बँका, कर्ज देणाऱ्या संस्था आणि मधले दुवे यांनी एकमेकांशी कसं बोलायचं, याची तांत्रिक मानकं बँकेच्या रेबिट या कंपनीने तयार केली. ती नोव्हेंबर २०१९मध्ये लागू झाली; व्यवस्था प्रत्यक्ष सुरू झाली सप्टेंबर २०२१मध्ये. म्हणजे आधी करार, मग त्यानुसार प्रत्येकाचा कोड. जिथे अनेक पक्ष आहेत तिथे हाच क्रम योग्य. स्वतःच्याच दोन टीमपुरतं काम असेल तर कोडमधून पान काढायला हरकत नाही. पण मग त्या पानाला संपादक हवा. कोड रिव्ह्यूमध्ये वर्णन तपासलं जावं, अर्थ नसलेलं वर्णन परत पाठवलं जावं.

ही सवय नोकरीत लागत नाही, त्याआधी लागते. १९४७पासून इंजिनिअर घडवणारं आपलं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय असो की ट्रिपल आयटी, प्रोजेक्टची परीक्षा घेताना एक गोष्ट करून बघावी. एका गटाची एपीआय दुसऱ्या गटाला द्यावी, सोबत फक्त ते पान. जोडणी पूर्ण करायची, पण विचारायचं कुणाला नाही. ज्या ज्या ठिकाणी गाडी अडेल, तिथले गुण पान बनवणाऱ्या गटाचे कापावेत.