सायकलवाल्याचा वाली कोण?

येळ्ळूर, कडोली, उचगाव, सांबरा या गावांकडून बेळगावात येणाऱ्या रस्त्यांवर आजही पहाटे सायकली दिसतात. पूर्वीइतक्या नाहीत, हे खरे. दूधवाल्यांनी आणि भाजीवाल्यांनी मोटारसायकली घेतल्या, शाळकरी मुले बसने जाऊ लागली. पण गवंडीकामाला येणारा मजूर, पेपर टाकणारा मुलगा, कारखान्यातील हंगामी कामगार आणि पेट्रोलचा खर्च न झेपणारी पेन्शनर मंडळी अजून सायकलवरच आहेत. रस्त्यावर सर्वांत असुरक्षितही हीच माणसे आहेत. ऊसहंगामात मागे दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्री-अपरात्री धावू लागल्या की त्यांच्या घरच्यांचा जीव टांगणीला लागतो.

या शहराचे आणि सायकलचे नाते जुने आहे. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी येथे सायकलचे दुकान काढले. ज्या उद्योगाचा आज मराठी माणूस अभिमानाने उल्लेख करतो, त्याचा आरंभ बेळगावच्या या दुकानातून झाला. पुढे १९१० मध्ये लक्ष्मणरावांनी बेळगाव सोडून किर्लोस्करवाडी वसवली. आपल्या शहरातील किर्लोस्कर रोड हे नाव मात्र राहिले. आज त्याच रस्त्यावरून संध्याकाळी एखाद्या वृद्धाने सायकल चालवून दाखवावी!

जुन्या मंडळींना पत्र्याचा बिल्ला आठवत असेल. अनेक नगरपालिका सायकलवर कर घेत आणि बिल्ला देत. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट बसले की पोलीस अडवत. तो जाच होता, पण सायकलवाला रस्त्याच्या हिशेबात होता. कर गेला, बिल्ला गेला आणि त्याबरोबर एक चुकीची समजूत रुजली. ‘याच्याकडे ना लायसन्स, ना विमा, ना नंबर, मग याचा रस्त्यावर हक्क काय?’ दुःखाची गोष्ट ही की अपघातानंतर खुद्द सायकलवाल्याच्या घरची माणसेही असेच समजून गप्प बसतात.

कायदा असे म्हणत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार सायकल हे मोटार वाहन नाही; म्हणून तिला परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही, विमाही लागत नाही. विमा लागतो तो धडक देणाऱ्या वाहनाला, आणि तो सक्तीचा आहे तो रस्त्यावरील अशाच तिऱ्हाईत माणसासाठी. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या कलम १६४ प्रमाणे मृत्यू झाल्यास पाच लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपयांची भरपाई मागता येते. त्यासाठी चालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. मिळकत, वय, अवलंबून असलेली माणसे यांचा विचार होऊन पूर्ण भरपाई हवी असेल, तर कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते. धडक देणारे वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तरीही मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजारांची तरतूद आहे. त्याचा अर्ज अपघात ज्या भागात झाला तेथील महसूल अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो.

सीमाभागातील कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अपघात शिनोळीजवळ किंवा चंदगड तालुक्यात झाला, म्हणून दाव्यासाठी महाराष्ट्रातच खेटे घातले पाहिजेत असे नाही. दावेदार जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणाकडेही दावा दाखल करता येतो. मात्र कायद्यात सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे. तेव्हा ‘वर्षश्राद्ध होऊ दे, मग पाहू’ असे म्हणू नये.

आमच्या मते खरी अडचण कागदाशी आहे. घरावर आकाश कोसळलेले असते, इस्पितळात धावपळ चालू असते आणि त्याच वेळी फिर्याद, पंचनामा, जबाब होतात. ते कन्नडमध्ये लिहिले जातात. जुन्या पिढीतील अनेकांना कन्नड बोलता येते, पण वाचता येत नाही. ‘सायकलस्वार अचानक आडवा आला’ एवढे एक वाक्य त्यात गेले, तर पुढे विमा कंपनीचा वकील त्याच वाक्याला धरून बसतो. तोंडी दिलेली फिर्याद लिहून घेतल्यावर ती वाचून दाखवणे आणि तिची प्रत विनामूल्य देणे, हे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार पोलिसांवर बंधनकारक आहे. ते मागताना संकोच कशाला? यात कोणत्याही भाषेचा दुस्वास नाही. समजल्याशिवाय सही करावयाची नाही, एवढाच मुद्दा आहे. विमा कंपनीच्या तडजोडीच्या कागदाबाबतही हेच. कलम १६४ ची रक्कम एकदा स्वीकारली की न्यायाधिकरणापुढचा मोठा दावा संपुष्टात येतो. त्या कागदावर जाणत्या वकिलाला विचारल्याशिवाय अंगठा उठवू नये.

दुसरा प्रश्न रस्त्याचा. रेल्वेवर उड्डाणपूल झाले, गेटवरची खोळंबाखोळंब कमी झाली. पण पुलाच्या चढावर धापा टाकत जाणाऱ्या सायकलवाल्याच्या मागे ट्रक हॉर्न वाजवत येतो, तेव्हा त्याने जावे कुठे? ७ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना पादचारी व बिगरमोटार वाहनांबाबत कलम १३८(१अ) खाली सहा महिन्यांत नियम करण्याचा आदेश दिला. आदेश स्वागतार्ह आहे. पण नियम दोन्ही बाजूंनी होऊ शकतात. कोलकात्यात २०१३ मध्ये पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकलींना बंदी घातली, तीही सुरक्षिततेच्याच नावाखाली! नियमांतून सायकलला जागा द्यावयाची की तिलाच रस्त्यावरून हाकलावयाचे, हे कोणाचा आवाज वेळेवर पोहोचतो यावर ठरते. कर्नाटकात पादचारी आणि सायकलस्वारांच्या हक्कांसाठी ‘अ‍ॅक्टिव्ह मोबिलिटी’ विधेयकाचा मसुदा तयार झाला होता. त्याचा पाठपुरावा आपल्या लोकप्रतिनिधींनी करावयास हवा.

हक्कांबरोबर कर्तव्यही आले. उलट्या दिशेने सायकल हाकणे, कानाला मोबाईल लावून वळणे, अंधारात दिव्याशिवाय निघणे यांचे समर्थन कोणी करू नये. मागच्या मडगार्डवर परावर्तक पट्टी लावायला फार पैसे पडत नाहीत. अशी चूक दाव्यातही भरपाईची रक्कम कमी करू शकते.

आता कामाचे बोलू. प्रत्येक गावातील युवक मंडळाने आणि महिला मंडळाने दोन-दोन माणसे ठरवावीत. अपघाताची खबर येताच त्यांनी पोलीस ठाण्यात आणि इस्पितळात कुटुंबासोबत उभे राहावे, कागद वाचून घ्यावेत, तारखा लिहून ठेवाव्यात. आपल्यातील वकील मंडळींनी महिन्यातील एक रविवार या कामासाठी द्यावा. नगरसेवकांनी महापालिकेच्या सभेत विचारावे की रुंदीकरणाच्या प्रत्येक कामात सायकलसाठी किती फूट जागा ठेवली आहे, आणि उत्तर लेखी मागावे. साखर कारखान्यांनी मागे लाल परावर्तक नसलेली ट्रॉली काट्यावर घेऊ नये, असे निवेदन हंगामाआधी गेले पाहिजे.

मोर्चा, निवेदन, धरणे या गोष्टी आपल्याला नव्या नाहीत. भाषेच्या हक्कासाठी जी चिकाटी आपण पिढ्यान्‌पिढ्या दाखवली, तिचा थोडा अंश या माणसांच्या वाट्याला यावा. सभेला सर्वांत आधी येऊन सतरंज्या अंथरणारा कार्यकर्ता बहुतेक वेळा सायकलवरूनच येत असे. तो रात्री सुखरूप घरी पोहोचावा, एवढे पाहणे हे आपलेच काम आहे.