‘मर्दानी कमजोरी’चा धंदा कुणाच्या जिवावर चाललाय?

कळंब, परंडा, उमरगा, तुळजापूर... कुठल्याही एसटी स्टँडची मुतारी बघा. ‘मर्दानी कमजोरी, शर्तिया इलाज’ आणि खाली मोबाईल नंबर. औषधे व जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा 1954 चा आहे. त्यानुसार ही जाहिरातच गुन्हा आहे, पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. नंबर भिंतीवर लिहिलेला असताना गुन्हेगार सापडत नाही म्हणता?

आता मूळ मुद्दा. ताठरता येते ती रक्तपुरवठ्यानं. शुगर, बीपी, तंबाखू, दारू यांनी रक्तवाहिन्या खराब होतात. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून त्रास आधी तिथं दिसतो. म्हणजे ज्याला आपण ‘नामर्दपणा’ म्हणून लपवतो, ती कधीकधी हार्ट अटॅकची आगाऊ सूचना असते. ती दाबून गडी पुडी खातो. अशा ‘जडीबुटी’त सिल्डेनाफिल मिसळलेलं देशोदेशीच्या तपासण्यांत सापडलंय. छातीत दुखण्यावरच्या नायट्रेट गोळीसोबत ते पोटात गेलं तर बीपी कोसळून जीव जाऊ शकतो.

दुसरं कारण मनाचं. पहाटे ताठरता येते पण बायकोजवळ येत नाही, असं असेल तर बहुतेकदा काळजी, भीती, नैराश्य असतं. एकदा जमलं नाही की पुढच्या वेळी त्याचीच धास्ती. शेतकरी आत्महत्या रोखायला 2015 मध्ये बळीराजा चेतना अभियान सुरू झालं, ते यवतमाळ आणि आपल्याच जिल्ह्यात. इथल्या माणसावर किती ताण आहे हे सरकारलाही ठाऊक आहे. कर्जाच्या काळजीनं झोप उडते हे आपल्याला पटतं, मग शरीर साथ देत नाही हे का पटत नाही?

आणि घरात? मूल नाही झालं की आधी सुनेची तपासणी, नवऱ्याला कुणी विचारतच नाही.

मागण्या साध्या आहेत. पोलिसांनी आणि अन्न व औषध प्रशासनानं गेल्या पाच वर्षांत जिल्ह्यात या कायद्याखाली किती गुन्हे नोंदवले ते जाहीर करावं. शुगर-बीपीच्या प्रत्येक पेशंटला डॉक्टरांनी हा प्रश्न स्वतःहून, आडोशाला विचारावा.

आणि मित्रांनो, आरोग्य विभागाच्या दवाखान्यात ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. शुगर-बीपी तपासून घ्या. मनावर ताण असेल तर टेलिमानसचा 14416 फिरवा. भिंतीवरचा नंबर नको.