पार्सल हरवले, पावती आहे ना?

लखनौला गेलेल्या मराठी कुटुंबाचे एक पाऊल चौकातल्या चिकनच्या दुकानांकडे वळतेच. पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्याची ती नाजूक कशिदाकारी पाहिली की बायकांचे हात आपोआप पर्सकडे जातात. या कामाला २००८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण खरेदी झाली की प्रश्न उभा राहतो सामानाचा. बॅगा आधीच फुगलेल्या असतात. मग कुणीतरी सुचवते, “टाका की पोस्टात!”

समजा, लखनौत नोकरीनिमित्त राहणाऱ्या एका वहिनींनी पुण्यातल्या नणंदेच्या लग्नासाठी दोन साड्या आणि एक कुर्ता घेतला. किंमत बारा हजार रुपये. हजरतगंजातल्या मोठ्या पोस्टात त्या गेल्या. ही इमारत साधीसुधी नव्हे. एके काळी इथे रिंग थिएटर होते आणि १९२५च्या काकोरी प्रकरणाचा खटला इथेच चालला. बुलढाण्यातल्या चिखलीचे रामकृष्ण खत्री त्या खटल्यातले एक आरोपी. त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली होती.

वहिनींनी रांगेत उभे राहून पार्सल दिले. कारकुनाने विचारले, “विमा करायचा?” वहिनींनी हिशेब केला. कशाला उगाच जास्तीचे पैसे? कापडच तर आहे! पावती पर्समध्ये कोंबून त्या घरी आल्या.

पंधरा दिवस गेले. लग्न चार दिवसांवर आले, तरी पार्सलचा पत्ता नाही. पुण्याहून फोनावर फोन. चौकशीचे उत्तर एकच, “शोध चालू आहे.”

आता वहिनींना किती मिळणार? बारा हजार? मुळीच नाही!

कायदा काय म्हणतो?

टपाल खात्याचे एक वैशिष्ट्य पुष्कळांना ठाऊक नसते. आपण दिलेली वस्तू हरवली, तर खाते तिची किंमत भरून देईलच, असे नाही. १८९८च्या भारतीय टपाल कायद्यातच तशी सूट होती. सरकारने स्वतःहून जेवढी जबाबदारी पत्करली असेल, तेवढीच त्याच्यावर. तो कायदा सव्वाशे वर्षे चालला. १८ जून २०२४पासून त्याच्या जागी टपाल कायदा, २०२३ लागू झाला, पण मूळ तत्त्व तेच राहिले. नियमांत ठरवून दिली असेल तेवढीच जबाबदारी. एखाद्या कर्मचाऱ्याने लबाडीने किंवा जाणूनबुजून नुकसान केले, तर गोष्ट वेगळी. पण ते सिद्ध करायचे कुणी?

स्पीड पोस्टचेच पाहा. ही सेवा १९८६ साली सुरू झाली. १९९९मध्ये तिच्यासाठी भरपाई ठरली ती अशी : वस्तू हरवल्यास भरलेल्या शुल्काच्या दुप्पट रक्कम किंवा एक हजार रुपये, यांपैकी जी कमी असेल ती. म्हणजे शंभर रुपये शुल्क भरले असेल, तर दोनशे रुपये. आत साडी बारा हजारांची असो की बाराशेची, हिशेब शुल्काचा!

विमा नेमका इथेच कामाला येतो. खिडकीवरच किंमत जाहीर करून त्याचे वेगळे शुल्क भरले, तर खाते त्या रकमेपर्यंत बांधील होते. मात्र तीन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. पहिली, भरपाई वस्तूच्या खऱ्या किमतीपेक्षा जास्त मिळत नाही. बारा हजारांच्या साडीचा विमा वीस हजारांचा केला, तरी हाती बारा हजारच येणार. दुसरी, १८९८च्या कायद्यात भरपाईचा हक्क पाठवणाऱ्याचा होता, घेणाऱ्याचा नव्हे. त्यामुळे दावा पाठवणाऱ्याच्या नावाने, त्याच्याच सहीने करणे केव्हाही शहाणपणाचे. तिसरी, दुकानाचे बिल हवेच. बिल नसेल, तर किंमत सिद्ध कशी करणार?

आणि रजिस्टर म्हणजे विमा, असे समजू नये. १ ऑक्टोबर २०२५पासून तर रजिस्ट्रेशन ही स्पीड पोस्टचीच जादा सेवा झाली आहे. शुल्क पाच रुपये आणि वर कर. त्यातून वस्तू पत्त्यावरच्या माणसाच्याच हाती पडावी, एवढी काळजी घेतली जाते. किमतीची हमी मिळत नाही.

कुरिअर केले असते तर?

पुष्कळांना वाटते, खासगी कुरिअर म्हणजे निर्धास्तपणा. तिथेही पावतीच्या मागचा बारीक मजकूर वाचावा. तिरुपूरच्या एका कपडे निर्यातदाराने जर्मनीला कुरिअरने कागदपत्रे पाठवली. ती वेळेवर पोहोचली नाहीत आणि गिऱ्हाइकाने मालाची किंमत कापली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९६ साली निकाल लागला : पावतीवर भरपाईची मर्यादा शंभर डॉलर छापलेली होती, पाठवणाऱ्याने तिच्यावर सही केली होती, तेव्हा शंभर डॉलरच. सही करण्याआधी मजकूर वाचायचा, हा धडा त्या व्यापाऱ्याला फार महागात पडला.

वस्तू दुकानदाराने किंवा वेबसाइटने पाठवली असेल, तर मात्र ग्राहकाने कुरिअरवाल्याच्या मागे धावू नये. माल पोहोचवण्याची हमी विकणाऱ्याची. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे.

आता करायचे काय?

पार्सल आले नाही, तर गप्प बसू नये. पावतीवरचा क्रमांक घेऊन आधी माग काढावा. मग लेखी तक्रार करावी आणि तिचा क्रमांक टिपून ठेवावा. टपाल खात्याचा मोफत फोन आहे १८०० २६६ ६८६८. परदेशी टाकलेल्या पार्सलची चौकशी सहा महिन्यांच्या आत करावी लागते. जागतिक टपाल संघाचा तो दंडक आहे. बिल, पावती, तक्रारीची प्रत आणि आलेली उत्तरे एका पाकिटात ठेवावीत.

तरीही दाद लागली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९च्या कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या गावीच तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. वस्तू वा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्कही नाही. सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

आणि वहिनी? त्यांच्या हाती शुल्काच्या हिशेबाने चार पैसे पडतील, फार तर. नणंद पुण्यातलीच एखादी साडी नेसून बोहल्यावर चढेल आणि सासरच्यांना काही कळणारही नाही. पण वहिनींच्या मनात ते राहील. साड्या त्यांनी चौकात दोन दुपारी घालवून, एकेक बुट्टा पारखून निवडल्या होत्या. त्याची भरपाई कोणत्याच नियमात नाही. नियमात बसते ती फक्त किंमत, आणि तीही आधी सांगितली असेल तर. पार्सल हरवल्यावर विम्याची आठवण येणे म्हणजे वरातीमागून घोडे. म्हणून पुढच्या वेळी खिडकीवरून “विमा करायचा?” असे विचारले गेले, की आत काय आहे ते क्षणभर आठवावे आणि मगच उत्तर द्यावे.